बिनसाखरेचा चहा, बारा बिस्किटं आणि रंकाळ्यावरची घेरी: एक प्रकरण अभ्यास

कोल्हापुरात ‘शुगर’ निघालेल्या माणसाला दोन सल्ले फुकट मिळतात. पहिला: साखर सोडा, चहात बिनसाखरेची गोड गोळी घाला. दुसरा: गूळ चालतोय की, आपल्या मातीतला आहे. या प्रकरणातल्या गृहस्थांनी दोन्ही सल्ले एकापाठोपाठ एक मनापासून पाळले. सहा महिन्यांत त्यांची साखर वाढली, वजन वाढलं, पोट बिघडलं आणि शेवटी एका सकाळी साखर इतकी उतरली की रंकाळा तलावाच्या काठावर खाली बसायची वेळ आली. चहात टाकलेल्या गोडव्याच्या रसायनाने यातलं काहीही केलं नव्हतं. मग केलं कशाने, हे शोधायला पाकिटं, डब्या आणि वही उलटून बघावी लागली.

आधी एक खुलासा. हे प्रकरण एकाच माणसाचं नाही. मधुमेहाच्या तपासणीत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे. रक्ताचे, वजनाचे आणि रोजच्या खाण्याचे आकडे उदाहरणादाखल आहेत. गोडवा देणाऱ्या पदार्थांचे गुणधर्म आणि सुरक्षित मर्यादा मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत.

रुग्ण आणि सुरुवात

वय ५८, लक्ष्मीपुरीत दुकान, उंची १६६ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. मधुमेह नऊ वर्षांचा. औषधं: मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दोन वेळा, ग्लिमेपिराइड (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावून साखर उतरवणारी गोळी) १ मिलिग्रॅम सकाळी नाश्त्याबरोबर. हृदयविकार नाही, मूत्रपिंडं ठीक. जानेवारीत एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७.९. खिशात सुपारीची पुडी कायम. ती या गोष्टीत पुढे परत येणार आहे.

दुकानावर दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा घरच्या वजनकाट्यावर मोजला तर ५ ग्रॅमचा. म्हणजे चहातून रोज ६० ग्रॅम साखर, २४० कॅलरी. जानेवारीत ती बंद झाली आणि खिशात टकटक वाजणारी, अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याच्या गोळ्यांची डबी आली. कपाला दोन गोळ्या.

इतकी साखर कमी झाल्यावर तीन महिन्यांनी आकडा चांगला उतरायला हवा होता. एप्रिलमध्ये एचबीए१सी ७.८ आला आणि वजन ७३.५ किलो. काकांचा प्रश्न रास्त होता: “साखर तर कधीच सोडलीया. मग उतरत का न्हाई?”

बिस्किटांचा हिशेब

उत्तर रोजच्या खाण्याच्या वहीत सापडलं. वही काकूंनी लिहिली होती. काकांना स्वतः लिहायला सांगितलं असतं तर बिस्किटं त्यात आलीच नसती, कारण त्यांच्या लेखी ती ‘खाणं’ नव्हतीच. साखर सुटल्यावर चहा फिका लागायला लागला, म्हणून प्रत्येक कपाबरोबर दोन बिस्किटं सुरू झाली. पाकिटावर ठळक अक्षरात ‘शुगर-फ्री’ होतं, त्यामुळे मोजायचा प्रश्नच आला नाही.

बिस्किट ८ ग्रॅमचं. दिवसाला १२, म्हणजे ९६ ग्रॅम. पाकिटाच्या मागच्या तक्त्यात १०० ग्रॅमला ६८ ग्रॅम कर्बोदकं आणि २० ग्रॅम चरबी. रोजची कर्बोदकं सुमारे ६५ ग्रॅम, चरबी १९ ग्रॅम, एकूण साधारण ४६० कॅलरी. चहातून ६० ग्रॅम साखर बाहेर गेली आणि बशीतून ६५ ग्रॅम स्टार्च आत आला. मैद्याचा स्टार्च पोटात ग्लुकोजच होतो, आणि तोही फार सावकाश नव्हे. वर २२० कॅलरी जास्तीच्या. आकडा जागच्या जागी राहिला आणि वजन दीड किलोने वाढलं, यात गूढ काही उरत नाही.

‘शुगर-फ्री’ या दाव्याचा आपल्या अन्न नियमांतला अर्थ अगदी अरुंद आहे: १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसावी. त्यात स्टार्चबद्दल अवाक्षर नाही, तुपाबद्दल नाही, कॅलरींबद्दल नाही. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ हा दावा तर त्याहून निराळा. खजूर-अंजिराची बर्फी वरून साखर न घालता होते, पण सुक्या खजुरात निम्म्याहून कितीतरी जास्त भाग साखरच असते. म्हणून पाकीट पुढून वाचू नये, मागून वाचावं. आणि ‘साखर’ या ओळीवर न थांबता त्याच्या वरची ‘एकूण कर्बोदकं’ ही ओळ वाचावी.

कॅन्सरची बातमी आणि गुळाकडे मोर्चा

एप्रिलच्या तपासणीनंतर आठवडाभरात कुटुंबाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला: चहातली गोळी म्हणजे कॅन्सर. डबी कचऱ्यात गेली. थोरल्या भावाचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ. तिथून बिनहायड्रोसचा (रंग उजळवणारी पावडर न घातलेला), काळसर, ‘केमिकल नसलेला’ गूळ आला. शिवाय मिठाईच्या दुकानातून शुगर-फ्री पेढे आणि औषधाच्या दुकानातून ‘स्टीव्हिया’ लिहिलेल्या पुड्या.

व्हिडिओत अर्धं खरं होतं, म्हणून तो नीट सोडवून सांगावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेमला ‘२ बी’ गटात टाकलं. अर्थ: माणसात कर्करोग होण्याची शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा मर्यादित. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्या आणि कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क हेही याच २ बी गटात आहेत. त्याच महिन्यात अन्नातल्या मिश्रकांवरच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने तोच पुरावा तपासला आणि रोजची सुरक्षित मर्यादा होती तिथेच ठेवली: शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. अमेरिकेत ती ५० आहे.

आता काकांचा हिशेब. ७२ किलोला मर्यादा २,८८० मिलिग्रॅम. त्यांच्या डबीवर एका गोळीत १८ मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम लिहिलेलं. रोज १२ गोळ्या, म्हणजे २१६ मिलिग्रॅम, मर्यादेच्या साडेसात टक्के. मर्यादा गाठायला दिवसाला १६० गोळ्या लागतील. बरं, ही मर्यादा म्हणजे विषाची कड नव्हे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ज्या मात्रेला काहीच अपाय दिसला नाही, तिला साधारणपणे शंभराने भागून ती काढतात.

मिथेनॉलची भीतीही व्हिडिओत होती. अ‍ॅस्पार्टेम पोटात फुटतं तेव्हा फेनिलॲलॅनिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि वजनाच्या साधारण दहावा भाग मिथेनॉल तयार होतं, हे खरं. २१६ मिलिग्रॅममागे २२ मिलिग्रॅमच्या आसपास. तितकं मिथेनॉल फळांच्या आणि टोमॅटोच्या रसातूनही येतं. ज्यांना अ‍ॅस्पार्टेम खरोखर वर्ज्य आहे ते फेनिलकीटोन्युरियाचे रुग्ण. हा जन्मजात, दुर्मिळ विकार, आणि त्यांच्यासाठीचा इशारा पाकिटावर छापणं बंधनकारक आहे.

आता ती सुपारी. ज्या संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला २ बी म्हटलं, तिनेच सुपारीला पहिल्या गटात ठेवलं आहे: माणसात कर्करोग होतो, पुरावा पुरेसा. ही गोष्ट २००४ पासूनची. काकांनी २ बी घाबरून फेकलं आणि गट १ चघळत राहिले. शिवाय त्या गोड सुपारीत पुष्कळदा सॅकरीनच असतं, तेव्हा ‘कृत्रिम गोड बंद’ हेही खरं नव्हतंच.

गुळाबद्दल कोल्हापुरात बोलताना जपून बोलावं लागतं. इथल्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि त्याचा रंग, कणी, चव यांचा अभिमान योग्यच आहे. पण हायड्रोस न घातल्याने गूळ स्वच्छ होतो, त्यातली साखर कमी होत नाही. कुठलाही चांगला गूळ म्हणजे ८५ टक्क्यांच्या आसपास साखरच, बाकी पाणी आणि थोडी खनिजं. कपाला ८ ग्रॅमचा खडा, सहा कप, म्हणजे रोज ४८ ग्रॅम गूळ आणि त्यातून ४० ग्रॅमहून अधिक साखर. आणि मोठी चूक अशी की बिस्किटं बंद झाली नव्हती. गूळ आला तो त्यांच्या जोडीला.

पेढ्यात काय होतं

पेढे सुटे विकले जात होते, लेबल नव्हतं. दुकानदाराला विचारल्यावर त्याने गोडव्याची पिशवी दाखवली: मॅल्टिटॉल. शंका होतीच, कारण पेढ्याला नुसतं सुक्रालोज चालत नाही. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. किलोभर पेढ्याला चिमूटभर पुरेल. पण मग साखरेची जागा भरायची कशाने? साखर नुसता गोडवा देत नाही, ती घडण देते, ओलावा धरते, वजन देते. ही जागा मिठाईवाले मॅल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉलने भरतात. याला शर्करा-अल्कोहोल म्हणतात. दारूशी त्याचा संबंध नाही, घरच्यांनी तेही विचारलं होतं.

मॅल्टिटॉलमध्ये ग्रॅमला २.१ कॅलरी (साखरेत ४) आणि त्याचा ग्लायसेमिक निर्देशांक ३५ च्या आसपास (साखरेचा ६५). म्हणजे साखर कमी वाढवतं, वाढवत नाही असं नाही. त्यात खव्यातली दुग्धशर्करा आणि तूप वेगळंच. २५ ग्रॅमच्या पेढ्यात साधारण ८ ग्रॅम मॅल्टिटॉल धरलं तर दोन पेढ्यांत १६ ग्रॅम. एवढ्यावर बहुतेकांचं पोट फक्त गुरगुरतं. चार-पाच पेढे खाल्ले की ३० ते ४० ग्रॅम होतं. लहान आतड्यात ते पुरतं शोषलं जात नाही, उरलेलं मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतं, तिथले जंतू ते आंबवतात. परिणाम: गॅस, मुरडा, पातळ जुलाब. दहा टक्क्यांहून जास्त शर्करा-अल्कोहोल असलेल्या पाकीटबंद पदार्थावर जुलाबाचा इशारा छापावा लागतो. सुट्या पेढ्याला पाकीटच नाही, मग इशारा कुठे छापणार?

काकांना मे महिन्यापासून पातळ शौच होत होती. घरच्यांनी दोष मेटफॉर्मिनला दिला आणि चार दिवस ते परस्पर बंदही केलं. मेटफॉर्मिनने असं होतं, त्यामुळे संशय चुकीचा नव्हता. पण नऊ वर्षं सोसलेलं औषध अचानक कशाला बाधेल? अशा वेळी चाचणी सोपी असते: मेटफॉर्मिन तसंच चालू ठेवायचं आणि शुगर-फ्री पेढे, चॉकलेट, च्युइंगगम सात दिवस पूर्ण बंद. काकांचं पोट तिसऱ्या दिवशी जागेवर आलं. खात्रीसाठी आठव्या दिवशी दोन पेढे खायला दिले, संध्याकाळी गुरगुर परत.

‘स्टीव्हिया’च्या पुड्यांचीही मागची बाजू वाचली. पुडीत स्टीव्हियाचा अर्क नावापुरता, बाकी जवळजवळ सगळं एरिथ्रिटॉल. यात फसवणूक नाही. अर्क इतका गोड असतो की भर घातल्याशिवाय चमच्यात धरता येत नाही. एरिथ्रिटॉल बहुतांश लहान आतड्यातच शोषलं जाऊन लघवीवाटे जातं, त्यामुळे पोटाला ते मॅल्टिटॉलपेक्षा सौम्य. पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्या लोकांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त आढळल्याचं मांडलं, आणि ३० ग्रॅम प्यायल्यावर निरोगी माणसाच्या रक्तातही ते दोन दिवसांहून जास्त चढलेलं राहिलं. शरीर स्वतःही ग्लुकोजपासून एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे यावरून ठरत नाही. तरीही स्टेंट बसवलेल्या माणसाने एरिथ्रिटॉलचं आइस्क्रीम वाटी-वाटीने खाऊ नये, एवढा शहाणपणा त्यातून घ्यायला हरकत नाही. चहातल्या पुडीत ते ग्रॅम-दोन ग्रॅम असतं. काकांसाठी तो मुद्दा नव्हता.

औषध वाढलं, मग घेरी

जुलैच्या सुरुवातीला एचबीए१सी ८.६, वजन ७४. डॉक्टरांनी विचारलं, “साखर खाता का?” काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, “अजिबात नाही.” गूळ, बिस्किटं, पेढे यांचा प्रश्न निघालाच नाही. खाणं बरोबर असूनही साखर वाढतेय, म्हणजे औषध कमी पडतंय, असा तर्क होऊन ग्लिमेपिराइड १ चं २ मिलिग्रॅम झालं. हाती असलेल्या माहितीवर तर्क बरोबर होता, माहितीच अपुरी होती. सगळ्या प्रकरणात मोठा धोका इथे तयार झाला.

पुढे आषाढी एकादशी. उपासाला पेढा चालतो, शुगर-फ्री तर चालतोच, म्हणून दिवसभरात पाच पेढे. संध्याकाळी जुलाब, रात्री साबुदाण्याला हात लावला नाही. द्वादशीच्या सकाळी साडेसहाला ग्लिमेपिराइडची नवी, दुप्पट गोळी घेतली, पारणं परत आल्यावर सोडू म्हणून रिकाम्या पोटी रंकाळ्याला फेरी मारायला निघाले. अर्ध्या वाटेत घाम, हाताला कंप, डोळ्यापुढे अंधारी.

बरोबरच्या लोकांनी चहाच्या गाडीवर बसवलं. गाडीवाला साखर घालणार तोच सोबतचे काळजीने म्हणाले, “काकांना शुगर आहे, साखर घालू नका!” एकाने स्वतःच्या खिशातल्या डबीतून दोन गोळ्या टाकल्या. वीस मिनिटं गेली आणि काही फरक पडला नाही. कसा पडेल? ग्लुकोज उतरलेल्या माणसाला ग्लुकोज हवं. अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज, स्टीव्हिया यांत ते नाही, आणि त्यांची ख्यातीच ती आहे. जवळच्या दवाखान्यात बोटातल्या रक्तातली साखर ५२ निघाली. १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिलं, पंधरा मिनिटांनी ७४, आणखी १५ ग्रॅमनंतर ९८. मग पोळी-भाजी.

हे घरात पाठ असावं म्हणून सविस्तर. ७० च्या खाली साखर म्हणजे हायपो. शुद्धीवर असलेल्या माणसाला १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यातून द्यायची. साखरेचे लहान चमचे तीन होतात, पण एकदा काट्यावर मोजून बघा, कारण चमचे सारखे नसतात. पंधरा मिनिटांनी परत मोजा, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच. पेढा, चॉकलेट देऊ नये. त्यातल्या चरबीने साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय. ग्लिमेपिराइडसारख्या औषधांनी आलेला हायपो काही तासांनी परत येऊ शकतो, म्हणून बरं वाटलं तरी दिवसभर माणसाला एकटं सोडू नये. आणि फारसं कोणी सांगत नाही असं एक: जेवणाबरोबर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साधी साखर नीट फुटत नाही, तिथे ग्लुकोज पावडरच हवी.

ग्लुकोमीटरने केलेली उजळणी

सांगून पटत नाही, दिसल्यावर पटतं. म्हणून एका आठवड्यात आठ पट्ट्या खर्च करून चार जोड्या काढल्या: दुपारी चारचा चहा, आधी एकदा आणि बरोबर तासाने एकदा, मधे दुसरं काहीही नाही. चहाला दूध प्रत्येक वेळी ६० मिलिलिटर.

दोन गोळ्यांचा नुसता चहा: १२८ वरून १३६. चार बिस्किटांसह तोच चहा: १३१ वरून १८८. गुळाचा चहा आणि दोन बिस्किटं: १२६ वरून १८४. दोन शुगर-फ्री पेढे: १३० वरून १५५. ग्लुकोमीटरला १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालतं, त्यामुळे पहिल्या जोडीतला फरक फरकच नाही असं समजायचं. बाकीचे तीन डोळ्यांनी दिसतात. काकांनी बिस्किटांची पट्टी दोनदा केली, पहिली खोटी वाटली म्हणून.

ही रीत कुठल्याही ‘मधुमेहींसाठी खास’ म्हणून विकलेल्या पदार्थाला लावता येते. दोन पट्ट्यांत त्या पदार्थाचं प्रमाणपत्र मिळतं, छापील दाव्याहून खरं.

बदल काय केले

गोळी परत सुरू केली, कपाला दोन ऐवजी एक, आणि कप सहाचे चार. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन कमी करायला अशा गोडव्यांवर विसंबू नका असा सल्ला दिला, त्याचा हवाला देऊन पुतण्याने हरकत घेतली. तो सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांना लागू नाही, हे त्याच कागदात लिहिलेलं आहे. काकूंचा रोख मात्र वेगळा आणि बरोबर होता: जिभेला गोडाची सवय तशीच राहते. म्हणून चौथ्या आठवड्यापासून अर्धी गोळी. गोळीने जादू होईल अशी अपेक्षाही ठेवली नाही. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीय मधुमेहींवर केलेल्या बारा आठवड्यांच्या चाचणीत चहा-कॉफीतल्या साखरेऐवजी सुक्रालोज दिल्यावर वजन आणि कंबर किंचित उतरली, एचबीए१सीमध्ये मात्र दोन गटांत फरक पडला नाही. चहातली साखर काढणं हा जेवणातल्या भाता-पोळीच्या मानाने छोटा तुकडा आहे.

(सुक्रालोजचा विषय निघाला म्हणून. १९७६ मध्ये लंडनमध्ये लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे संशोधक क्लोरीन जोडलेल्या साखरेवर काम करत होते. त्यांना पदार्थाची चाचणी घ्यायला सांगितलं, त्यांनी ऐकलं चव घ्यायला, आणि जिभेवर ठेवल्यावर शोध लागला. इंग्रजीत दोन शब्दांत थोडा फरक आहे. मराठीत लिहायला गेलं तर दोन्ही ‘टेस्ट’च!)

बिस्किटं घरातून आणि दुकानातून बाहेर. चारच्या चहाला २० ग्रॅम फुटाणे, दिवसातून एकदाच. त्यांच्यातही ११-१२ ग्रॅम कर्बोदकं आहेत, पण सोबत प्रथिनं आणि तंतू. शुगर-फ्री मिठाई पूर्ण बंद. त्याऐवजी पंधरा दिवसांतून एकदा खरा पेढा, एक, जेवणाच्या शेवटी, आणि त्या जेवणात भाताची वाटी अर्धी. हा सौदा काकांना फार आवडला, आणि तो टिकलाही.

स्वयंपाकघरात एक चूक आधीच होऊन गेली होती. होळीला काकूंनी पुरणात गुळाऐवजी अ‍ॅस्पार्टेमची पावडर घातली आणि डाळीबरोबर आटवली. गोडवा उडाला, आणखी घातली, तोही उडाला, पुरण कोरडं, पोळी लाटताना फाटली. दोन कारणं. अ‍ॅस्पार्टेम उकळत्या तापमानाला फुटतं आणि फुटल्यावर गोड राहत नाही. आणि गूळ पुरणाला चिकटपणा देतो, तो कुठलीच गोळी देत नाही. खीर, बासुंदी यांत गोडवा घालायचाच तर गॅस बंद करून कोमट झाल्यावर घालावा. सुक्रालोज उकळीत टिकतं, पण १२० अंशांच्या वर, म्हणजे तळणीत आणि भट्टीत, त्यापासून क्लोरीनयुक्त घातक संयुगं बनू शकतात असा इशारा जर्मनीच्या सरकारी जोखीम मूल्यमापन संस्थेने २०१९ मध्ये दिला आहे. तेव्हा ते पिठात मळून तळू नये. पुरणपोळीचं मात्र सरळ धोरण ठरलं: खऱ्या गुळाची, एकच, सोबत कटाची आमटी भरपूर, भात नाही. नकली पुरणाच्या तीन पोळ्यांपेक्षा हिशेब सोपा.

ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी परत १ मिलिग्रॅमवर आणलं. उपासाच्या दिवशी ती गोळी घ्यायची की नाही हे त्यांनी लिहून दिलं, आणि काहीही खाण्याआधी गोळी घेऊन चालायला जायचं नाही, हेही.

घरातल्या सहा वर्षांच्या नातवाबद्दल दोन वाक्यं. तो डबी टकटक वाजवून गोळ्या खाऊसारख्या खायचा, एका वेळी आठ-दहा. २० किलोच्या मुलाची मर्यादा ८०० मिलिग्रॅम, दहा गोळ्यांत १८०, म्हणजे घाबरण्यासारखं काही घडलं नव्हतं. पण ‘मुलांसाठी शिफारस नाही’ हे डबीवर छापलेलं असतं, मुलाला त्याची गरज शून्य, आणि ज्या कपाटात ही डबी असते तिथेच ग्लिमेपिराइडची पट्टीही असते. तिच्यातल्या दोन गोळ्या मुलाला रुग्णालयात पोचवायला पुरतात. दोन्ही वरच्या फळीवर गेल्या.

बारा आठवड्यांनंतर

एचबीए१सी ७.३, वजन ७१.८, पोट शांत, एकही हायपो नाही. मधे एकदा घसरण झाली. दुसऱ्या आठवड्यात बिस्किटांची जागा ‘बेक्ड’ शंकरपाळ्यांनी घेतली होती, ती वहीत सापडली. पट्टीची जोडी काढली, १२९ वरून १९१, आणि शंकरपाळ्या दुकानातल्या पोरांच्या वाट्याला गेल्या. सुपारी अजून सुटलेली नाही, आठ पुड्यांवरून तीनवर आली आहे, दातांच्या डॉक्टरांकडे तोंडाची तपासणी झाली.

चालायला जाताना खिशात ठेवायला १५ ग्रॅम साखरेच्या दोन कागदी पुड्या दिल्या होत्या. ऑगस्टच्या पावसात त्यांचा पाक झाला. मग ग्लुकोज पावडर प्लॅस्टिकच्या डबीत भरली, आणि ती दिसायला गोळ्यांच्या डबीसारखीच निघाली. आणीबाणीत चुकीची उघडली तर परत रंकाळ्यावरचाच प्रकार. काकूंनी ग्लुकोजच्या डबीला लाल दोरा गुंडाळला आणि बरोबर फिरायला येणाऱ्या तिघांना दाखवून ठेवला.